संगमरवरी सेनापती आणि आमचे गोलंदाज

(नागपुरात धरमपेठ येथे जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे आम्ही केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका अर्धपुतळ्याची हकिगत सांगणार आहोत. पुतळा येथला नव्हे. लंडन शहरापासून दहाबारा कोसांवर विंडसर म्हणून इंग्लंडच्या राजाचा जुना किल्लेवजा वाडा आहे. त्यात पहारेकऱ्यांचे म्हणून एक दालन आहे, आणि त्या दालनात दोन सेनापतींची मुखे संगमरवरात खांद्यापर्यंत कोरून मांडलेली आहेत. एक मार्लबरोचा ड्यूक. त्याच्याशी आपले देणेघेणे नाही. दुसरा वेलिंग्टनचा ड्यूक. त्याच्याशी मात्र नागपूरकरांचे देणेही आहे आणि घेणेही आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या पऱ्हाटीला भाव नाही, कोष्ट्याच्या मागाला गिऱ्हाईक नाही, आणि हे गृहस्थ आम्हांस राजवाड्यातले दगड काय दाखवतात! थोडा धीर धरा. आपल्या बापजाद्यांच्या बंडीची वाट नसती, तर तो दगड आज त्या दालनात बसला असता की नाही याची आम्हांस शंकाच आहे.

आधी त्या पुतळ्याच्या डोक्यावर काय टांगले आहे ते ऐका. तेथे एक लहानसे रेशमी निशाण आहे, फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याच्या नमुन्याचे. १८ जून १८१५ रोजी वेलिंग्टनने वॉटर्लू येथे फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याचा मोड केला. त्याबद्दल पार्लमेंटने पैसा मंजूर केला आणि १८१७ साली त्या पैशातून स्ट्रॅटफील्ड से नावाची मोठी जहागीर त्यास घेऊन दिली. आता शेतकरी मंडळींनी नीट कान द्यावा. एवढ्या जहागिरीचा खंड किती? तर वर्षाला एक निशाण! दरसाल १८ जूनला त्या घराण्यातील ड्यूकने एक नवे निशाण राजाच्या हवाली करावयाचे, ते पुतळ्याच्या वर टांगले जावयाचे, की झाला त्या वर्षाचा वसूल. मार्लबरोच्या पुतळ्यावरही असेच निशाण असते. हा रिवाज आजतागायत चालू आहे. पाऊस पडो न पडो, टोळ येवो की बोंडअळी, निशाण काही महागत नाही आणि बाकीही राहत नाही.

इकडे आपल्या नागपूर प्रांतात मालगुजारांच्या वाड्यापुढे खंडाच्या बाकीसाठी उन्हात उभे राहिलेल्या कुळांच्या गोष्टी तुम्ही घरोघरी ऐकल्याच आहेत. ती मालगुजारी १९५१ साली संपली. आपल्या आज्यापणज्याला कोणी म्हटले नाही की, बाबा, तुझा बाप भोसल्यांच्या पदरी लढाईत पडला, तेव्हा तू आखाडीला एक पताका आणून दे आणि सुखाने वावर पीक. आम्ही इंग्रज लोकांस यात नावे ठेवीत नाही. आपल्या शूराचे त्यांनी चीज केले, ही गोष्ट शिकण्यासारखीच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. हा मनुष्य शूर ठरला कोठे, आणि कोणाच्या जिवावर?

हा वेलिंग्टन मूळचा आर्थर वेल्स्ली. जन्म १७६९ चा, आयर्लंडातला. हिंदुस्थानात आला तेव्हा तो एका पलटणीचा कर्नल होता. १७९८ साली त्याचा सख्खा थोरला भाऊ गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला, आणि मग धाकट्या भाऊरायांस मोठमोठ्या कामगिऱ्या मिळू लागल्या. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला पाटलाच्या ओळखीने कोतवालाची जागा मिळाली तर गावभर बोभाटा होतो. मोठ्यांच्या घरी त्यालाच खानदान म्हणतात. असो. मनुष्य कर्तबगार होता, हे शत्रूचा झाला तरी नाकारता येणार नाही. १७९९ साली टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूरचा कारभार त्याच्याकडे होता, आणि १८०३ साली शिंदे व भोसले यांच्यावर दक्षिणेत चालून जाण्याची कामगिरी त्याच्यावर आली. पुढे नेपोलियन त्याला शिपाई लोकांचा सेनापती म्हणून हिणवीत असे. हिणवण्यासारखे त्यात काय होते, ते नेपोलियनला वॉटर्लूस कळले.

आता असईचा मुलूख डोळ्यापुढे आणा. आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई अशा दोन नद्या एकमेकींस मिळतात. त्या दोहोंच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि आपल्या नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. तारीख २३ सप्टेंबर १८०३. वेल्स्लीची फौज केळणेच्या अलीकडे, थोडी. पलीकडे मराठी फौज, कितीतरी पट मोठी, आणि समोर तोफांची रांग. समोरून नदी ओलांडावी तर तोफा भाजून काढतील. बाजूने जावे तर उतार कोठे? वाटाड्यांस विचारले, ते म्हणाले, इकडे उतार नाही. सेनापतीने दुर्बीण लावली. त्याला काय दिसले? तोफ दिसली नाही की निशाण दिसले नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन खेडी दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपुलगाव आणि वरूर अशी लिहिलेली आहेत. त्याने मनात म्हटले, दोन गावे एकमेकांच्या इतकी जवळ, मध्ये नदी, आणि येण्याजाण्याला वाट नाही, असे होईल कसे? माणसे अशी गावे वसवीतच नाहीत. आणि तेथेच त्याने फौज घातली. उतार निघाला.

मंडळी, या एका गोष्टीचा आम्ही फार विचार केला आहे. इंग्रजी पुस्तकांत ही गोष्ट सेनापतीच्या अकलेची म्हणून सांगतात, आणि अक्कल ती होतीच. परंतु तो उतार केला कोणी? या गावची लेक त्या गावी दिलेली. त्या गावचा सुतार या गावच्या बंड्यांचे आरे बसवायला येणारा. बाजाराचा दिवस, जत्रेचा दिवस, मयतीचा निरोप. पिढ्यान् पिढ्या बैलांच्या खुरांनी आणि चाकांच्या धावांनी जी पांधण नदीत उतरली, तीच त्या दिवशी इंग्रजांच्या तोफा ओलांडून घेऊन गेली. शेतकऱ्याची वाट शत्रूने ओळखली, आणि आपल्या दोन राजांच्या छावणीत इतके सरदार, कारभारी, मुत्सद्दी असून त्या उताराचा पक्का बंदोबस्त कोणी केला नाही. त्या गावच्या एखाद्या बंडीवाल्याला छावणीत बोलावून कोणी विचारले असेल काय? आम्हांस तसे दिसत नाही. राजदरबारात नकाशे पाहतात, बंडीवाल्यास कोण पुसतो!

लढाई फार जबर झाली. शिंद्यांची कवायती पायदळ पलटणे पोलमन नावाच्या हनोव्हरच्या गोऱ्याच्या हुकमतीत होती. शत्रू बाजूने येतो असे पाहताच त्या पलटणांनी तोफांसकट आपली सगळी रांग फिरवून तोंड बदलले. हे काम फार कठीण, आणि ते त्यांनी बिनचूक केले, असे खुद्द शत्रूने लिहून ठेवले आहे. पुढे इंग्रज तोफांवर तुटून पडले तेव्हा पुष्कळ गोलंदाज आपापल्या तोफेपाशी कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग करून तोफांखाली पडून राहिले, आणि शत्रूची रांग पुढे निघून गेल्यावर उठले, त्याच तोफा फिरवल्या आणि त्याच्या पाठीत डागल्या. शत्रूला पुन्हा मागे येऊन त्या दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. असे धैर्य विकत मिळत नाही, मंडळी. वेल्स्लीचे ४२८ ठार आणि ११०० वर जखमी झाले. इतक्या लहान फौजेला हा आकडा भयंकर होता. पुढे म्हातारपणी त्याला कोणी विचारले की, रणात तुम्ही सर्वांत चांगले काय केले, तर त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात.

आता आपले किती पडले? इंग्रजांचे मेलेले आणि जखमी पलटणवार मोजलेले आहेत. आपल्या बाजूचे केवळ अंदाज आहेत, आणि तेही शत्रूने बांधलेले. तोफा मात्र बिनचूक मोजल्या, ९८ हाती लागल्या. तोफेचा हिशेब आहे, गोलंदाजाचा नाही. त्या तोफा ओतणारे ओतारी कोण, गाडे करणारे सुतार कोण, दारू कुटणारे कोण, यातले काही नाही. आणि खरे बोलावयाचे तर ते सगळे मराठेच होते असेही नाही. शिंद्यांच्या पलटणांत अयोध्येकडचे पुरबिये होते, मुसलमान होते. उलट बाजूला वेल्स्लीच्या फौजेतही गोरे थोडे आणि मद्रासकडील हिंदी शिपाई व स्वार जास्त होते. तामीळ, तेलंगी मुलुखातली कुणब्यांची पोरे. आजच्या हिंदी लष्करातील मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती आहे, तो त्याच असईच्या लढाईची आठवण. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपलाच शेतकरी आपल्याच शेतकऱ्यावर धावला. गोऱ्यांची तीन पलटणे होती, आणि पुतळा मात्र एकट्या गोऱ्याचा झाला.

आमचे रघूजी महाराज काय करीत होते, हा प्रश्न नागपुरात विचारणे थोडे अवघड आहे, पण विचारलाच पाहिजे. ते आपल्या घोडदळासह लढाई रंगात येण्याच्या आतच रणातून निघाले, असे इतिहासकार लिहितात. दौलतराव शिंदेही फार वेळ थांबले नाहीत. धनी निघून गेले, चाकर तोफेपाशी राहिले. ज्यांचे नाव इतिहासात आहे ते गेले आणि ज्यांचे नाही ते मेले, हे लिहिताना आम्हांस सुख होत नाही. पण भोसल्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही पोटात घालून अभिमान बाळगावा.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचा मोड झाला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेणीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात कटकचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. एका कागदावर शिक्का झाला आणि नदीच्या अल्याडचा मामा एका राज्यात व पल्याडचा भाचा दुसऱ्या राज्यात अशी विभागणी झाली. वर्धा नदी आजही दोन जिल्ह्यांची शीव आहेच. त्याच वर्षी दक्षिणेत फौजांनी तुडवलेले आणि पावसाने सोडलेले असे दुहेरी दुष्काळाचे थैमान चालले होते. नगरकडे खुद्द वेल्स्लीला भुकेल्या लोकांसाठी अन्नाची सोय करावी लागली. ती त्याने केली, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे.

आता एक गोष्ट बैलवाल्यांसाठी. वेल्स्ली इतका झपाट्याने कसा चालून येई, याचे इंग्रज लेखक कौतुक करतात. त्याचे गुपित त्याने स्वतःच पुन:पुन्हा लिहिलेले आहे, आणि ते आहे बैल! हिंदुस्थानातली त्याची पत्रे चाळली तर लढाईपेक्षा बैलांचा मजकूर डोळ्यांत भरतो. बैल चांगला पाहिजे, हाकणारा जाणता पाहिजे, चारापाणी वेळेवर पाहिजे, नाही तर फौज हलत नाही, हा त्याचा घोष. हैदर आणि टिपू यांनी म्हैसुरात अमृतमहाल नावाचा बैलांचा कळप जोपासला होता. सडपातळ, काटक, चालीला घोड्यासारखा बैल. टिपू पडल्यावर तो कळप कंपनीच्या हाती आला आणि वेल्स्लीच्या तोफा त्या बैलांनी ओढल्या. दाणागोटा आणावयाला बंजारे होते. त्यांच्या लमाणी तांड्यांच्या पाठीवरची गोणी आली नाही तर मोठा सेनापतीही उपाशी. कोणत्याही राजाचे राज्य असो, बंजाऱ्याचा बैल ज्याच्या छावणीकडे वळला त्याच्या पोटात अन्न पडले. विंडसरच्या त्या दालनात बैलाचे एक शिंगही कोरलेले नाही.

यावर नागपूरने नकळत एक उत्तर दिलेले आहे, ते मोठे गमतीचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तान्हा पोळा करतो. पोरे लाकडी बैल सजवून मिरवतात. ही चाल याच दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली सुरू केली, असे नागपुरात परंपरेने सांगतात. म्हणजे असईनंतर तिसऱ्याच वर्षी. अर्धे राज्य गमावलेल्या राजाने पोरांच्या हाती लाकडी बैल दिला! त्याच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. पण विंडसरास संगमरवरी सेनापती आणि महालात लाकडी बैल, या दोहोंतून एक निवडावयास सांगाल तर आमचा हात बैलाच्या गळ्यात पडेल.

आता पुतळ्याच्या कारागिरीकडे वळू, कारण येथे सुतार, पाथरवट, बेलदार मंडळी बसली आहेत. वेलिंग्टनची संगमरवरी मुखे त्या काळच्या बऱ्याच शिल्पकारांनी घडवली. नॉलकेन्सने घडवले, चँट्रीनेही घडवले. हा फ्रान्सिस चँट्री १७८१ साली शेफील्डजवळच्या नॉर्टन गावी जन्मला. बाप सुतार, थोडी शेतीही करणारा. पोरगा प्रथम लाकडावर कोरीव काम करणाऱ्याकडे उमेदवारीस होता. पुढे तो असा नावारूपास आला की राजा चौथा जॉर्ज त्याच्यापुढे बसू लागला, त्याला सरदारकीचा किताब मिळाला, आणि मरताना त्याने मागे एवढी दौलत ठेवली की तिच्यातून आजही इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहासाठी चित्रेशिल्पे विकत घेतली गेलेली दिसतात. सुताराच्या पोराला राजाने खुर्ची दिली. आपल्याकडे त्याच सुमारास सुताराच्या पोराला कोणत्या ओटीवर बसू देत होते, ते तुम्हीच आठवून पाहा.

संगमरवरी पुतळा होतो कसा? आधी शिल्पकार समोर माणूस बसवून मातीचे मुख घडवतो, आपल्याकडे मूर्तिकार गणपती घडवतो तसे. त्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन प्लास्टरचे मुख काढतात. मग इटलीतील कराराच्या खाणीतला धोंडा आणतात. प्लास्टरच्या मुखावर जागोजाग खुणेचे बिंदू घेऊन एका मापयंत्राने तेवढ्याच खोलीवर ते दगडात उतरवतात. नाकाचा शेंडा, कपाळ, हनुवटी, कानाची पाळी. बिंदूपर्यंत दगड उडवण्याचे काम मदतनिसांचे. शेवटचा हात उस्तादाचा. म्हणजे गवंडी ओळंबा आणि गुण्या लावून जे करतो, त्याचीच ही बारीक बहीण. वेलिंग्टनचे नाक मोठे बाकदार होते, शिपाई त्याला नाकावरूनच हाक मारीत. ते नाक दगडात नेमके उतरवणारा हात कोणा मजुराचा होता. चँट्रीच्या कारखान्यात मदतनीस पुष्कळ होते. त्यांचा मुकादम ॲलन कनिंगहॅम हा स्वतः पाथरवटाचे काम शिकलेला आणि वर कविता करणारा, म्हणून त्याचे तरी नाव राहिले.

आणि अर्धपुतळ्याला हात नसतात, हेही लक्षात घ्या. मुख, मान, खांदे, आणि खाली दगडी बैठक. राजा चौथा जॉर्ज यास अशी मुखे जमवण्याची भारी हौस. हा राजा कधी रणात गेला नाही, पण उतारवयात आपण वॉटर्लूला लढलो असे भर मेजवानीत सांगू लागला होता, आणि वेलिंग्टनची साक्ष काढी. वेलिंग्टन बिचारा काय बोलणार! महाराजांच्या तोंडून हे आपण पुष्कळदा ऐकले आहे, एवढेच तो म्हणे. संगमरवराच्या संगतीत फार दिवस राहिले की माणसाला असे होत असावे.

चँट्रीचा हात मुंबईपर्यंतही पोहोचला. मुंबईच्या टाऊन हॉलात, जेथे एशियाटिक सोसायटी आहे, तेथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा त्याने घडवलेला संगमरवरी पुतळा आजही उभा आहे. हा एल्फिन्स्टन असईच्या रणात वेल्स्लीबरोबर होता आणि १८०४ ते १८०८ नागपुरास रेसिडेंट होता. पाहा, कसे सगळे धागे आपल्याच दारात येतात. रेसिडेंट येथे बसला, आणि मग १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. येथून पूर्वेला चालत गेलात तर अर्ध्या तासात ती टेकडी येते. आप्पासाहेब भोसले हरले. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, दत्तक नामंजूर झाला, १८५४ साली राज्य खालसा झाले. मग भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावात मिळेल त्या भावाने गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याकडे रवाना झाले. एका राजाच्या संग्रहात भर पडते तेव्हा दुसऱ्या राजाची कोठी उघडी पडलेली असते.

त्या कोठीतला म्हणून की कसा, एक जिन्नस नुकता परत आला. पहिले रघूजी भोसले, म्हणजे नागपूरच्या गादीचे संस्थापक, यांच्या नावाची फिरंग तलवार लंडनच्या लिलावात निघाली. २०२५ च्या एप्रिलात महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली, आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. लंडनहून साताऱ्यास २०२४ साली उसनवारीने आणलेली वाघनखे २०२५ साली आपल्या अजबबंगल्यातही मांडली गेली. ती शिवाजी महाराजांचीच असे ठाम सांगता येत नाही, असे ज्या लंडनच्या संग्रहालयाची ती आहेत त्यानेच म्हटले आहे. तलवार आली याचा आनंद आम्हांसही झाला. पण पहिल्या रघूजींच्या स्वारांनी बंगालात काय केले, तेही त्या तलवारीच्या पेटीवर लिहावे. दहा वर्षे बंगालचा शेतकरी बर्गी आले म्हणून रान धरीत होता. तेथल्या आया अजून बर्गीचे नाव घेऊन पोरे निजवतात. बंगालचा कुणबीही कुणबीच आहे, त्याचे घर जळाले ते आम्ही मिशीवर ताव देऊन कसे सांगावे?

तर मग बहुजनांनी आपल्या शूरांचे स्मरण कसे ठेवले? शाहिराच्या डफावर. संगमरवर विकत घेण्याची ऐपत नव्हती, गळा फुकट होता. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा छापला तो याच वाटेने. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मनावर घेतले तेव्हा पुण्यास शिवरायांचा घोड्यावरचा भव्य पुतळा झाला. महाराज १९२२ साली गेले, पुतळा १९२८ साली उभा राहिला. तो घडवला सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी आणि ओतला मुंबईस माझगावच्या गोदीत. धातूचा, एकसंध, आणि देशी हाताचा. असले काम आपल्याला येते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आणि नागपूरची मारबत विसरू नका! बांबू, कागद, चिंध्या आणि रंग यांची ही आपली पुतळ्याची कला. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांना मिळाली म्हणून. पिवळी मारबत तेली समाजाने चालवली. सुमारे १४० वर्षे ही मिरवणूक निघते आहे. इंग्लंडात ज्याला मान द्यावयाचा त्याचे मुख राजवाड्यात ठेवतात. नागपुरात ज्याचा राग आला त्याचा पुतळा वाजतगाजत नेऊन जाळतात, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा नवा करतात. कारागिराला दरसाल काम मिळते ते निराळेच.

आता तुमच्या खिशाची गोष्ट. उद्या कोणी पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारी येईल आणि म्हणेल, अमुक वीराचा संगमरवरी पुतळा बसवायचा आहे, घराला इतकी वर्गणी. तुम्ही देऊ नका असे आम्ही म्हणत नाही. देण्याआधी चार गोष्टी विचारा. दगड कोठला, घडवणार कोण, त्याची मजुरी किती, आणि पैसा उरला तर जाणार कोठे. गावचा पाथरवट असताना परगावचा ठेकेदार का, हेही विचारा. आणि पुतळ्याच्या बैठकीवर पैसे देणाऱ्या बड्यांची नावे कोरणार असाल, तर ज्या गावची माणसे त्या लढाईत पडली त्या गावांची नावेही कोरा, एवढी अट घाला. ती मान्य नसेल तर पावती फाडू देऊ नका. असईला, केळणेच्या त्या उतारावर, एक साधी काळ्या दगडाची शिळा बसली तर आम्हांस दहा संगमरवरी मुखांहून ती अधिक वाटेल. काळा दगड आपल्या मुलुखात भरपूर आहे, इटलीहून आणावा लागत नाही.

नावे कोठून आणायची, असे कोणी विचारील. काही नावे तुमच्याच घरात आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, पेटीच्या तळाशी जुने मोडी कागद पडलेले असतात. कोणाला पागेत चाकरी होती, कोणाला शिलेदारीबद्दल थोडी जमीन होती, कोणाच्या आज्याचे बैल तोफखान्याला लावले होते, अशा मजकुराची चिठ्ठी त्यात निघू शकते. ती वाचता येत नाही म्हणून पोळ्याच्या साफसफाईत चुलीत जाते. नागपुरास सरकारी पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसेही शहरात आहेत. पुढच्या खेपेस असे कागद असतील ते घेऊन या. धुतलेल्या सुती फडक्यात सैल गुंडाळा, घडी जेथे मोडलेली आहे तेथेच राहू द्या, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकचे वेष्टन चढवू नका, आणि मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नका. येथेच, तुमच्या डोळ्यांदेखत, वाचून त्याची नक्कल करून घेऊ.